शकूनं जपलेला पांढरा साका

शकू गेल्याला आता महिना होत आला. शेवटची भेटले ती वर्ध्याच्या दवाखान्यात. नाकात नळी, बोलणं तुटक. मी उशाशी बसून रडत होते, तर तीच मला म्हणाली, "भेऊ नोको वं... बसन खाली." नर्सला वाटलं, तापात बरळते. मी मात्र रडायची थांबले. हेच शब्द तिनं मला एकदा ऐकवले होते, तेव्हा मरणाच्या दारात मी होते.

सत्तरच्या दशकात वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावी एका शाळेत आम्ही दोघी विज्ञान शिकवायचो. तेव्हा पिपेटच्या नळीत द्रावण तोंडानंच ओढायची रीत, रबरी फुगा कोणी पाहिला होता? मी प्रयोगासाठी बेरियम क्लोराइड मोजत होते. बाटली तळाला आलेली. पिपेटचं टोक द्रावणाबाहेर आलं आणि सगळं फसकन तोंडात... थुंकायच्या आत घोट गेलाच. हे विष आहे, असं मीच पोरींना दरवर्षी बजावायची. अगं आई गं! घरी अंगावर पिणारी लेक, आणि मी इथं पदरानं जीभ पुसत उभी! ओठांभोवती मुंग्या यायला लागल्या.

शकूनं कपाटातलं जुलाबाचं मीठ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, पेलाभर पाण्यात ढवळलं. मी पेला ढकलून दिला. विषावर आणखी काही ओतायची माझी छाती होईना. तेव्हा तिनं परीक्षानळीत तेच बेरियम क्लोराइड घेतलं आणि पेल्यातलं थोडं पाणी त्यात सोडलं. नळी दुधासारखी पांढरी झाली. दोन क्षारांनी आपापले जोडीदार बदलले की बेरियम सल्फेट तयार होतं. ते विरघळत नाही, साका होऊन तळाशी बसतं, म्हणून रक्तात जात नाही. फळ्यावर शंभरदा लिहिलेलं, पण त्या घडीला काही केल्या आठवेना. "पाह्य, बसते ना खाली? पोटातबी असंच बसन. काऊन भेतं? भेऊ नोको वं, पे!" मी प्याले.

कापसाच्या ट्रकमधून तिनं मला वर्ध्याला नेलं. माझे पाय लुळे पडत चालले होते. ती नळी तिनं माझ्या डोळ्यांसमोर धरलेली. साका जरा बसला की खड्डा यायचा, सगळं पुन्हा गढूळ, आणि माझ्या काळजाचं पाणी पाणी. डॉक्टर नंतर म्हणाले, "हे पाजलं नसतं तर..."

पुढं कितीतरी वर्षांनी मी तिला विचारलं, "तुले खात्री होती ना गं?"

"कायची खात्री! नळीतलं मले ठाऊक होतं, पोटातलं कोणाले ठाऊक? माह्या पायातला जीव गेलता. पण मीच भेली असती, तं तू पेली असती का?"

म्हणजे परवाच्या त्या शेवटच्या भेटीतही ती भ्यालेलीच असेल. हे मला घरी आल्यावर सुचलं.

तिच्या मुलानं परवा ती नळी आणून दिली. बुचाला मेण लावून तिनं ती इतकी वर्षं जपली होती. काल माझी लेक आली, हे काय आहे म्हणून तिनं नळी उचलली आणि हलवली. मी किंचाळलेच. "आई, काऊन भेतं एवढी?" तिनं विचारलं. नळीभर पांढरं पांढरं झालं होतं. मी तिचा हात घट्ट धरला आणि म्हटलं, "हलू नोको... बसन खाली." माझा आवाज थरथरू नये म्हणून मी फार जपलं.