हाजीच्या दारातलं मेंढरू

तिमिरो,

तुला वाचता येत नव्हतं आणि आता तू मातीखाली आहेस, म्हणजे हे पत्र दुप्पट वाया. तरी लिहिते. तुझ्याविषयी आपल्या बुरओ गावात जे बोललं जातं ते ऐकून माझे कान किटलेत. कोणी म्हणतं चेटकीण होती. कोणी म्हणतं, यिबिर, म्हणजे तुमच्या जमातीचे लोक, मेले की हवेत विरतात, त्यांची कबर कुणाला दिसत नाही. तुला शेवटचं न्हाऊ घालणाऱ्या बायकांत मी होते. तुझं अंग कुशीवर वळवताना आमचा दम निघाला. विरणाऱ्यातली तू नव्हेस.

दूधबाजाराच्या कडेला, बाभळीखाली तुझी चटई. तिथं बसून चामडं शिवायचीस. ताइतांच्या पेट्या, सुरीची म्यानं, खोगिराचे पट्टे. सगळं गाव तुझ्या हातचं अंगावर बाळगायचं, पण तुझा हात कोणी हातात घेत नव्हतं. पैसे चटईवर टाकायचे आणि वस्तू चटईवरून उचलायची. मी तेव्हा मोगादिशूहून कॉलेज करून नुकतीच शाळेत लागले होते आणि नको ते प्रश्न विचारायची मला हौस होती. विचारलं, तुला याचं काही वाटतं का?

"वाटतं ना बाई," तू म्हणालीस. "घामेजलेले पंजे धरावे लागत नाहीत, बरं वाटतं."

माझ्या भावाला, हाजी वर्सामेला, मुलगा झाला तेव्हा रिवाजाप्रमाणे तू दारात आलीस. बाळबाळंतिणीचं भलं चिंतलंस, मेंढरू घेतलंस, बाळाच्या, म्हणजे रोबलेच्या, गळ्यात ताईत बांधलास. "घाला हिला काहीतरी," असं आत कोणी म्हणालं, ते तुझ्या कानावर गेलं.

"भीक नाही घेत मी," तू उंबऱ्यातूनच सुनावलंस. "तुमच्या संतानं आमचा पूर्वज डोंगरात जिता गाडला. त्या खुनाची ही भरपाई. लग्न झालं, मूल झालं की द्यायची, पिढ्यानपिढ्या. मी घेते म्हणून तो खून मिटलाय, हे ध्यानात असू द्या."

हाजी हसला होता. पुढं हसला नाही.

कारण तोच रोबले मोठा झाला आणि तुझ्या लेकीला, अंबरोला, घेऊन बर्बेऱ्याला पळाला. तिथल्या काझीनं निकाह लावला. धर्माला चालतं ते आमच्या कुळाला चालत नाही. आमची वडीलधारी मंडळी ट्रक घेऊन गेली, रोबलेला मध्ये बसवलं आणि त्याच्याकडून तलाक म्हणवून घेतला. तो रडत होता म्हणतात. रडत होता, तरी म्हणत होता. अंबरोला तुझ्या चटईसमोर उतरवलं, वरून तिचं बोचकं फेकलं. ती ट्रकमध्ये ज्या सतरंजीवर बसली होती ती हाजीनं घरी आल्यावर अंगणात जाळली. धूर माझ्या घरात आला, म्हणून पाहिलं.

अंबरो जिबूतीला गेली ती गेलीच. पुन्हा तिचं तोंड तुझ्या दृष्टीस पडलं नाही.

आता ही शाप देणार, म्हणून गाव टपून बसलं. तू दोरा ओढत राहिलीस. हाजी म्हणाला, "बघ, तोंड बंद पडलं तिचं." त्यानं रोबलेला कुळातली मुलगी करून दिली. त्या लग्नात तू आली नाहीस. लोकांनी कानाडोळा केला. मग सुनेला मुलगा झाला, गेदी. हाजीनं मेंढरू दारात बांधलं आणि वाट पाहिली.

तू आली नाहीस. दुसरा कोणी यिबिरही आला नाही. त्यांना काय सांगून ठेवलंस ते तूच जाणे. तू नुसती आपल्या जागी बसून राहिलीस, आणि त्यात काय होतं ते आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं. भरपाई उचलली नाही म्हणजे तो जुना खून पुन्हा उघडा पडला, आणि तोही त्या पाळण्यातल्या पोराच्या डोक्यावर. पोर शिंकलं की हाजी उठून बसायचा. मेंढरू खाऊन खाऊन इतकं फुगलं की त्याला उभं राहवेना. येणारे-जाणारे विचारायचे, "हाजी, बाळसं कोणी धरलंय, नातवानं की ह्यानं?"

शेवटी त्यानं मला बोलावलं. "तू शिकलेली आहेस. जा, तिला समजाव."

"काय समजावू? येऊन आमचं मेंढरू खा म्हणून?"

तरी आले. तू मान वर न करता विचारलंस, "तुझा भाऊ शिव्या देतो का गं मला?"

"नाही. घाबरतो."

"मग असू दे. शिव्या देऊन माणूस मोकळा होतो."

मग अट सांगितलीस. बाजार भरलेला असताना हाजीनं यायचं, तुझ्या चटईवर बसायचं, तुझ्या पेल्यातून चहा प्यायचा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, की अंबरो माझी सून होती. एवढं केलं की तू स्वतः चालत येणार होतीस.

"आणि मेंढरू?"

"घेईन की. एवढं माजलेलं कोण सोडतं."

हाजी आला. पांढरा सदरा, हातात काठी, मागे कुळातले चार म्हातारे. चटईवर बसला, म्हणजे अर्धा बसला, अर्धा बाहेर. तू उंटिणीच्या दुधाचा चहा वेलदोडे घालून दिलास. दूधवाल्या बायांनी मापं खाली ठेवली. पेला मिशीपर्यंत गेला. तेवढ्यात त्यानं म्हाताऱ्यांकडे पाहिलं, आणि पेला मातीत ओतला. म्हणाला, "गरम आहे."

तू ओल्या मातीकडे बघितलंस. "जमीन प्यायली बघा. तिचं कूळ हाजीपेक्षा हलकं असावं."

सगळा बाजार हसला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. सख्खा भाऊ आहे माझा. त्या सतरंजीच्या धुरापासून ते हसू माझ्या पोटात अडकून होतं.

त्यानंतर गावात तो दिसला की कोणी ना कोणी आपल्या चहावर फुंकर घालायचं.

तू आजारी पडलीस तेव्हा मला बोलावून घेतलंस. उशाखालून ताईत काढलास. ताजं चामडं, बारीक टाके. म्हणालीस, "गेदीच्या गळ्यात बांध, बाई. पोराचं काय चुकलं? हाजीला कळवूही नकोस."

मला राग आला. "इतकी वर्षं धरून ठेवलंस आणि आता मऊ पडतेस?"

"मी मेल्यावर हे कोण सांभाळणार?"

"मी."

वेड्या माणसाकडे बघून हसावं तशी हसलीस, आणि ताईत माझ्या मुठीत कोंबून मूठ दाबलीस. तुझा हात कोरडा होता. घामेजलेला माझाच होता.

गेदी आता हायस्कुलात आहे. उंटासारखा वाढतोय, भात दोनदा मागून घेतो. त्याला लस मी टोचून आणली. ताइतावर माझा विश्वास नाही. हाजीचा आहे. नातू खोकला की अजून म्हातारा भिंत धरून उठतो. हाजीला कळवू नकोस म्हणालीस, तेही मी ऐकलं नाही. दर शुक्रवारी नमाज झाला की तो माझ्याकडे येतो, काठी दाराला टेकवतो आणि फडताळाकडे बघतो.

"तिनं दिलेलं आहे ना अजून तुझ्याकडे?"

"आहे. साखरेच्या डब्यामागे. शेजारी तिचा पेला आहे. चहा टाकू?"

तो काठी उचलून जातो. ताईत आहे तिथंच आहे.