पानाआधीचा एक गोळा

माझ्या मावशीच्या वर्षश्राद्धाला मी घरच्यांना मीठ खायला घातलं.

शब्दशः. गंमत म्हणून लिहीत नाहीये.

मावशीला जाऊन आज वर्ष झालं. तुमच्यापैकी बरेच जण तिला तिच्या खिम्याच्या गोळ्यांमुळे ओळखता. माझ्या डब्यात असायचे ते. मी हात धुऊन येईपर्यंत संपलेले असायचे.

शेवटची काही वर्षं ती ते एअर फ्रायरमध्ये करायची. तिच्या नवऱ्याचं, म्हणजे काकांचं, हार्टचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं, म्हणून मी तो तिला आणून दिला होता.

"आता काय, हेअर ड्रायर लावून स्वयंपाक करायचा?" हे तिचं पहिलं वाक्य.

मग महिनाभर ती त्या मशीनशी भांडली आणि जिंकली. खिम्यात डाळ्याचं पीठ किती, तेलाचं बोट कधी फिरवायचं, दोन गोळ्यांत जागा किती सोडायची, सगळं तिने ठरवलं. बाहेरून खरपूस, आतून मऊ.

एक सवय मात्र कढईच्या काळातलीच राहिली. आधी एकच गोळा करून बघायचा.

तेवढ्या मोठ्या बास्केटमध्ये एकटा गोळा. "बघ कसा बसलाय," ती म्हणायची. "कार्यालयात सगळ्यांच्या आधी पोचलेला पाहुणा."

तो गोळा माझा असायचा. मोडून, फुंकर मारून माझ्या तोंडात घालायची.

"मीठ बघ."

आई नोकरीला जायची, त्यामुळे मी मावशीच्या स्वयंपाकघरातच वाढले. अक्षरं नंतर आली. मीठ कमी आहे की बरोबर, हे सांगायला मी त्याआधी शिकले.

केमोनंतर तिच्या तोंडाची चवच गेली. तरी गोळे करायची थांबली नाही. "माझी जीभ संपावर गेलीये," म्हणाली. "आता तू सांगशील ते खरं."

ती गेल्यापासून फ्रायर ओट्यावरच आहे. तिनेच शिवलेल्या कव्हरखाली. काकांनी वर्षभर त्याला हात लावला नाही.

मागच्या आठवड्यात त्यांचा फोन आला.

"वर्षश्राद्धाचं सकाळी उरकेल. संध्याकाळी आपण घरचेच तिच्या फोटोपुढे गोळ्यांचं पान ठेवू. तुला येतात ना तिच्यासारखे?"

मग म्हणाले, "मला ती चव आता नीटशी आठवत नाही गं. तू केलेस तर आठवेल."

एवढंच मागितलं होतं त्यांनी माझ्याकडे.

आज दुपारी आईबरोबर काकांकडे बिबवेवाडीला गेले. तिच्या ओट्यापाशी उभी राहिले, फ्रायरवरचं कव्हर काढलं. काकांनी फ्रीजमधून खिमा काढून दिला. आलं-लसूण, डाळ्याचं पीठ, कोथिंबीर, मीठ. मळलं. एक गोळा वळला आणि बास्केटच्या मधोमध ठेवला.

मागून आई म्हणाली, "चाखू नकोस हं. पान ठेवल्याशिवाय तोंडाला लावायचं नसतं."

मी त्या गोळ्याशेजारी आणखी गोळे ठेवले आणि बटण दाबलं.

पान ठेवलं. हात जोडले. काकांना आणि आईला वाढलं. मी वाढत होते म्हणून शेवटी बसले.

आईने दोनदा पाणी घेतलं. काका मान खाली घालून खात होते.

"कसे झालेत?" मी विचारलं.

"रंग अगदी तसाच आलाय," काका म्हणाले.

रंग.

मग मी पहिला घास घेतला. गिळवेना.

काकांनी सकाळीच खिमा धुऊन हळद-मीठ लावून ठेवला होता, मावशी ठेवायची तसाच. मला हळद दिसत होती. तरी मी वरून सगळं मीठ घातलं. तो एक गोळा चाखला असता तर तिथेच कळलं असतं.

काकांना बीपी आहे. ते तिसऱ्या गोळ्यावर होते. मी त्यांचं ताटच ओढून घेतलं.

"अहो काका, नका ना खाऊ!"

"राहू दे गं. मीठ घ्यायला उठावं लागलं नाही, तेवढाच आराम."

आई हसली नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

काका मागोमाग आले. "चाखलं नाहीस?"

"पानाआधी कसं चाखणार?"

"माझ्या आईच्या पानाआधी कोण चाखायचं?"

मी. दर वर्षी. मावशी सासूबाईंच्या फोटोला बजावायची, "आधी पोरगी, मग तुम्ही. खारट झालं तर तुम्हीच मला बोलाल."

मी हे विसरले नव्हते. लाज त्याचीच वाटतेय.

आई बोलली तेव्हा मला हेच आठवलं होतं. तरी गप्प बसले. वाटलं, मी चाखलं आणि मावशीला ते पोचलंच नाही तर? नियम पाळला की निदान माझ्यावर काही येणार नाही. जिने शेवटी माझ्या जिभेवर सगळं सोपवलं, तिच्याच पानाला मी ती जीभ वापरली नाही.

काकांनी बीपीचं मशीन लावलं. आकडा मला दाखवला नाही.

मग त्यांनीच कुकरला बटाटे लावले. अर्धा खिमा अजून कच्चा होता. बटाटे कुस्करून त्यात मिसळले. मी भराभर गोळे वळायला लागले.

"एकच," ते म्हणाले.

एकच ठेवला. झाल्यावर त्यांनी तो मोडला, फुंकर मारली.

"मीठ बघ."

आई दारात उभी होती.

अर्धा मी खाल्ला. उरलेला काकांनी. खूप वेळ चावत राहिले.

"बटाटा लागतोय," म्हणाले. मग घास गिळून, "पण थोडं आठवलं."

थोडं. मी आधीच चाखलं असतं तर सगळं आठवलं असतं.

मावशी, मघाचं पान उचललंय. हे दुसरं ठेवतेय.

आधी मी खाल्लंय. मीठ बरोबर आहे.

आता तू जेव.