छत्रीखालची डोकी

आमच्या ऑफिसात वहिनींचं काम डोक्यांवर ठिपके ठेवण्याचं. पडद्यावर गर्दीचा फोटो यायचा आणि त्यातल्या प्रत्येक डोक्यावर त्या माउसने एकेक ठिपका ठेवायच्या. असे फोटो दाखवून दाखवून मी न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या यंत्राला, गर्दीचा अंदाज घ्यायला शिकवायचो. त्यांचा नवरा मैदानावर गेटमन होता. संध्याकाळी त्यांना न्यायला यायचा तेव्हा टक्कल पुसत म्हणायचा, "दिवसभर लोकांच्या डोक्यावर बसते, घरी आली की माझ्या!"

"तुमच्या डोक्यावर ठिपका टिकतोय कुठे? घसरतो," वहिनी म्हणायच्या.

एकदा फोटोंत छत्र्या आल्या. वहिनींनी साहेबांना विचारलं, "खाली माणूस आहेच की. ठेवू ठिपका?"

"डोकं दिसलं तरच. अंदाजपंचे नको," साहेब म्हणाले. तोच नियम झाला. छत्री म्हणजे रिकामी जागा, हे यंत्र शिकलं.

पुढे तेच यंत्र त्या मैदानाच्या गेटवर बसलं. आत जागा असेल तर पडदा हिरवा, भरलं की लाल. लाल झाला की गेट लावायचं. उन्हाळ्यातल्या एका सामन्याला भर दुपारी लोक छत्र्या उघडून उभे राहिले. पडदा हिरवाच राहिला आणि गेट उघडंच. जिन्यावर रेटारेटी झाली, माणसं पायाखाली गेली. मेलेल्यांत लहान मुलंही होती.

ठपका गेटमनवर आला. आमच्या कंपनीने लिहून दिलं, यंत्रात दोष नाही. अटक होणार की नाही, हे आता चौकशीवर होतं.

"मी जाऊन छत्र्यांचं सांगते," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, नोकरी जाईल."

"इथे नवरा चाललाय आत, नोकरीचं काय घेऊन बसलाहेस?"

मीही त्यांच्यासोबत चौकशीच्या ठिकाणी गेलो. गेटमनलाही बोलावलं होतं, तो आमच्या मागे बसला होता. अधिकाऱ्याने त्या दुपारचा फोटो टेबलावर ठेवला. वहिनींनी नियम नीट समजावून सांगितला.

"म्हणजे गेटवरच्या माणसाला कळायला काही मार्गच नव्हता?"

"नव्हता, साहेब. पडदा सांगेल तेच खरं धरायचा हुकूम होता."

अधिकाऱ्याने मान डोलावली. वहिनींचे खांदे जरा सैल झाले. मग त्याने जिन्याजवळच्या एका छत्रीवर सहज बोट ठेवलं. "हिच्याखाली किती धरायचे? एक?"

"दोघी," मागून गेटमन म्हणाला. "मायलेकी. पोरगी म्हणत होती, आई, फार गर्दी आहे, परत जाऊ."

वहिनी गर्रकन वळल्या. "अहो, गप्प बसा ना!"

"गर्दी मलाही दिसत होती," तो म्हणाला. "तरी मीच म्हटलं, जा बाळा, जागा आहे आत."

अधिकाऱ्याने पेनचं टोपण काढलं.

"पुन्हा सांगा," तो म्हणाला. "सावकाश."