कोहेईची नवरी

सोया सॉसच्या कारखान्यात लाकडी पिंपं ढवळता ढवळता एइकिचीची सारी हयात गेली. घर, कारखाना, पुन्हा घर. जपानातल्या अकिताच्या बाहेर कधी पाऊल टाकलं नाही पठ्ठ्याने. आणि आता गुडघे कुरकुरायला लागल्यावर म्हणतो काय, तर उत्तरेला त्सुगारूला जायचं, समुद्राकाठच्या आगगाडीने! मुलीला, सानाएला, आपलं केस कापायचं दुकान बंद ठेवून निघावं लागलं.

म्हाताऱ्याच्या मांडीवर कापडात बांधलेली काचेची पेटी होती. आत पांढऱ्या किमोनोतली नवरी, बाहुली. त्याचा थोरला, कोहेई, लग्नाआधीच बोटीसकट बुडाला. अशा मुलाचं त्सुगारूच्या देवळात बाहुलीशी लग्न लावतात, म्हणजे तिकडे तो एकटा राहत नाही. डोळे मिटायच्या आत एवढं उरकायचं, हाच एइकिचीचा ध्यास.

"बाबा, बाहेर बघा तरी. समुद्र काय सुंदर दिसतोय!"

"बघितलाय. मेल्याने माझं पोर नेलं."

आणि त्याने डब्यातला भाताचा गोळा पुढे केला. "खा. वाळलीस नुसती."

पुढे इवाकीचा डोंगर आला. माथ्यावर अजून बर्फ आणि पायथ्याला सफरचंदाच्या बागा फुललेल्या. तेव्हा मात्र म्हातारा खिडकीला नाक लावून बसला. "कोहेईला दाखवायला हवं होतं गं हे," म्हणाला.

देवळात फळ्यांवर काचेच्या पेट्याच पेट्या. प्रत्येकीत एक बाहुली आणि कुणाच्या तरी पोराचा फोटो. पुजारीणबाईंनी विचारलं, "नवरीचं नाव?"

"मिसुझू."

सानाएने बापाची बाही ओढली. "बाबा, वेड लागलंय का? ती जिवंत आहे!"

मिसुझूवर कोहेईचा जीव होता. ती आता संसारात रमलेली, परवाच सानाएकडे केस कापून गेलेली. जिवंत बाईचं नाव बाहुलीला दिलं, तर मेलेला तिला न्यायला येतो, हे त्या मुलखात शेंबडं पोरही जाणतं.

"ठाऊक आहे मला," एइकिची पुटपुटला. "पण पोराने मला जन्मात मनातलं एकच सांगितलं, ते हे. दुसरं नाव आणू कुठून?"

"आजोबा, सुनेचं नाव तुम्हीच ठेवा की," पुजारीणबाई हळूच म्हणाल्या. "बिघडलं कुठे?"

त्याने बाहीने पेटीची काच पुसली. मग म्हणाला, "युकिनो."

पेटीत बाहुलीशेजारी कोहेईचा फोटो ठेवला. सानाएला वाटलं, झालं, निघायचं. घरी रोज सकाळी या फोटोपुढे भात ठेवताना बाबा हवापाण्याचंच काय ते बोलायचे. आज ते गुडघे टेकून, काचेला जवळजवळ तोंड लावून बसले.

"कोहेई, बाळा, ही युकिनो. हिला नीट सांभाळ. आणि मिसुझूची वाट बघत असलास, तर नको बघूस. तिला दोन पोरं झालीत रे."