रेडिएटरवर हात ठेवणारा

एडिसन गावातल्या आमच्या घरातला, खोल्या गरम ठेवणारा बॉयलर बदलायचा होता. दोन इन्स्टॉलर तळघरात जुन्याच्या क्षमतेची पाटी वाचून, तेवढाच नवा बसवू म्हणाले. हा तिसरा मात्र दारात बूट काढून खोल्याखोल्यांतून फिरला. भिंतीलगतच्या प्रत्येक रेडिएटरवर तळहात ठेवून थांबायचा. मग त्याने माझ्या बायकोला विचारलं, "मॅडम, तुम्हाला थंडी कुठे वाजते?"

"मागच्या खोलीत. नऊ वर्षं शाल घेऊन बसते," ती हसून म्हणाली.

"मग आधी तिथला पाइप बघू."

मी तिला हे कधीच विचारलं नव्हतं. तिचं ते मोकळं हसणं मला सहन झालं नाही. काम मी दुसऱ्याला दिलं आणि तिला सांगितलं, त्या तिसऱ्याचा फोनच आला नाही.

नवा बॉयलर व्यवस्थित चालतो. काल ती नसताना मागच्या रेडिएटरवर मी तळहात ठेवला. कोमटच होता. शेजारी खुर्चीवर शाल होती.