चोवीस कॅरेटची नापास अंगठी

आमच्या सिडकोतल्या शेजारीण मालिनीवहिनी अंबडच्या एका कारखान्यात सोनं तपासतात. हे ऐकून नवे शेजारी त्यांना लगेच चहाला बोलावतात. मग कळतं, की ते सोनं म्हणजे आपोआप उघडमीट करणाऱ्या चिमुकल्या स्विचच्या टोकावरचा मोहरीएवढा ठिपका. पुढच्या वेळी चहा मिळत नाही.

वहिनींना त्याचं काही नाही. चांदी काळी पडते, तांबं गंजतं, सोनं मात्र तसंच्या तसं राहतं, म्हणून इवलासा करंटही त्यातून बिनबोभाट जातो, हे त्या जिन्यात गाठूनही सांगतात. सवय तर अशी मुरलीय की टोमॅटो घेतानाही चांगला उजवीकडे, नापास डावीकडे! भाजीवाल्या सिंधुबाईंनी त्यांच्यापुढे हात टेकलेत.

त्यांच्या वल्लरीचा साखरपुडा ठरला. पोरीला आल्हाद मनापासून आवडला होता. हे स्थळ हुकलं तर दुसरं बघायचंच नाही, असं तिने बजावून ठेवलं होतं. आल्हादच्या आई, पंचवटीच्या मोहिनीताई, भारी ठसक्याच्या. साखरपुड्याच्या दिवशी त्यांनी अंगठीची डबी कौतुकाने वहिनींच्या हातात दिली.

वहिनींनी पदराच्या टोकाने अंगठी उचलली, ट्यूबलाइटखाली फिरवली. "मिश्रण काय आहे?"

"मिश्रण? अहो, शुद्ध चोवीस कॅरेट! मुद्दाम घडवून घेतलीय."

"रिजेक्ट!" वहिनी म्हणाल्या, अंगठी डावीकडे ठेवली आणि समोरचा पेढा तपासायला घेतला.

मला तर वहिनींचा अस्सा राग आला! मोहिनीताई ताडकन उठल्या. "चला रे, निघू या." वल्लरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तेव्हा कुठे वहिनी भानावर आल्या. "अहो विहीणबाई, तोंडातून गेलं हो! आमच्याकडे शुद्ध सोनं चालत नाही. फार मऊ असतं. दोन टोकं एकमेकांवर दाबली गेली की चिकटून बसतात. म्हणून थोडं निकेल घालून कडक करतो. फार घातलं तर करंट अडतो. थोडंसंच..."

मोहिनीताई दारातच थांबल्या. "चिकटून बसतात म्हणजे?"

"सुटतच नाहीत. कितीही ओढा."

"आणि म्हणून रिजेक्ट?"

"हो ना. आख्खा माल परत पाठवतो."

मोहिनीताई माघारी आल्या. पदर खोचून पुन्हा पाटावर बसल्या आणि त्यांनी ती अंगठी स्वतः उचलली.

"तुमच्या कारखान्यात नापास असेल. आमच्या घरात सुटत नाही तेच पास," त्या म्हणाल्या आणि मुलाकडे वळल्या. "आल्हाद, घाल लवकर तिच्या बोटात. नाहीतर ह्या आता तुला तपासायला घेतील."