टिनाखालचं तुराट्यांचं छत

माझा शिवणवर्ग दुपारीच भरू शकायचा. सकाळी बाया वावरात, संध्याकाळी चुलीपुढे. आणि नेमकं दुपारीच आमच्या समाजमंदिरात चैत्रापासून माणूस टिकत नसे.

वस्तीनं ती इमारत अंगमेहनतीनं उभी केली होती, काळ्या दगडाची, नातवंडांच्याही नातवंडांना पुरेल अशी. वर कोरी करकरीत टिनं. उन्हाळ्यात खाली बसलं की डोकं भाजून निघे, मशीनच्या चाकाला हात लावायची सोय नसे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट; वर्गाचा तो पहिलाच उन्हाळा, आणि वर्ग ओस पडला. तपासणीला आलेले सरकारी साहेब रिकाम्या सतरंजीकडे बघून म्हणाले, "पुढच्या वैशाखात असंच दिसलं तर मशिनी उचलून मानोरा गावी नेऊ." मी वस्तीतली एकुलती मॅट्रिक झालेली सून. मशिनी गेल्या की माझी नोकरी गेली, आणि बायांच्या हातात पुन्हा नुसतं खुरपं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

टिनाखाली गारव्यासाठी जाड थर हवा, एवढं मला कळत होतं. मी ज्वारीचा कडबा ठरवून टाकला. शेजारची मावशी, जन्मभर भिंती लिंपणारी, खदखदून हसली.

"पोरी, तू शिकेल हायस, पन उंदीर काई शिकेल नाई. जे ढोराले गोड लागते, ते तो काहून सोडन?"

मी हट्टाला पेटले. तेव्हा तिनं पावसाळ्याआधी आपल्या गोठ्यात तीन पेंढ्या टांगल्या: माझा कडबा, कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या काड्या, म्हणजे तुराट्या. "दिवाळीले पाहू," म्हणाली.

दिवाळीला कडब्याची पेंढी उघडली तर उंदराची पिल्लं थेट माझ्या पायावर पडली. पऱ्हाट्या भुंग्यानं पोखरलेल्या, बोटानं दाबलं की भुगा. तुराट्या मात्र खणखणीत. मी कान धरले.

खरी आडकाठी पुढेच होती. माझ्या चुलत सासऱ्यांनी, मामाजींनी, त्या इमारतीसाठी सगळ्यांत जास्त दगड फोडला होता. तुराट्यांचं नाव काढताच ते उसळले.

"सारा जनम कुडाच्या झोपडीत तुराट्याइखाली काढला. आता समाजमंदिरातबी तुराट्याच? लोकं हासतीन."

त्यांचं दुखणं मला कळत होतं, तरी जीभ आवरली नाही. "मामाजी, टिनं पाहून लोकं जळतेत, अन् टिनाखाली तुमच्याच सुना भाजून राह्यल्या!"

ते उठून गेले. सून तोंडाळ आहे, हे वस्तीत दोन दिवस पुरलं.

माघात तुरी निघाल्या. बायांनी डोक्यावरून भारे आणले. आम्ही तुराट्यांचे ताटवे, म्हणजे तट्टे, बांधून टिनाखाली हातभर अंतर सोडून लावायला घेतले. "वरची हवा कोंडू नका, तिले जायले वाट ठेवा," हा मावशीचा हुकूम. वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाच्या काढ्यात कालवलेली शेणमाती, त्यावर चुन्याचा हात. तिसऱ्या दिवशी मामाजी शिडीवर चढले आणि मी मारलेली गाठ सोडू लागले.

"गाठ अशी मारतेत काय?" एवढंच म्हणाले.

वैशाखात साहेब भर दुपारी दोनला आले, घामाघूम. आत सतरंजीवर जागा नव्हती, मशिनी खडखडत होत्या. साहेब बसले, पाणी प्याले, बसूनच राहिले. उठायचं नावच घेईनात. शेवटी वहीत शेरा लिहिला, वर्ग इथेच राहील, आणि पांढऱ्याशुभ्र छताकडे पाहून विचारलं, "सिमेंटचं केलंत वाटतं?"

मी तोंड उघडणार, तोच दारातून मामाजींचा आवाज आला, साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असा.

"सिमेंट नोहे, साहेब. तुराट्या हायेत. आमच्या वावरातल्या."